नेपल्स आणि फ्लॉरेन्समध्ये ग्रीक-रोमन धाटणीची पोर्सेलीन शिल्पे कुठे पाहावीत?

रानवाट:
नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे इटलीला जात आहोत; तीन दिवस नेपल्स, दोन दिवस फ्लॉरेन्स. प्राचीन मूर्तींवरून अठराव्या शतकात घडवलेली पोर्सेलीनची शिल्पे पाहायची आहेत. काय पाहावे आणि काय सोडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शाडू:
नेपल्सला सकाळ राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी आणि दुपार कापोदिमोन्तेच्या संग्रहालयासाठी ठेवा; हा क्रम उलटा करू नका. नेपल्सजवळच्या हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहराचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पॉम्पेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. तिथे सापडलेल्या ब्राँझच्या मूर्ती आणि फार्नेझे घराण्याची संगमरवरी शिल्पे सकाळी नीट पाहून ठेवलीत, तर नेपल्सचा राजा फर्डिनांड याच्या पोर्सेलीन कारखान्यातील मुख्य शिल्पकार फिलिप्पो तालिओलिनी याने प्राचीनांकडून काय उचलले, ते दुपारी आपोआप ध्यानात येईल. त्याचे ‘दैत्यांचे पतन’ चुकवू नका: माथ्यावर रोमन देवांचा राजा ज्युपिटर आणि खाली खडकांसकट कोसळणारे देह. त्यावर झिलई नाही. झिलई केसांच्या आणि बोटांच्या खाचांत साचते व कोरीव रेषा बोथट करते. ती न देता भाजलेले पोर्सेलीन, ज्याला ‘बिस्किट’ म्हणतात, संगमरवरासारखे मंद पांढरे दिसते.

कापोदिमोन्तेतली पोर्सेलीनने मढवलेली खोली सगळेच सुचवतील. ती देखणी आहे, पण चिनी धाटणीची. तुमच्या विषयाची नव्हे.

मातीकाम:
मला विचाराल तर फ्लॉरेन्सजवळच्या दोच्च्या येथील जिनोरी घराण्याच्या पोर्सेलीन कारखान्याचे काम अधिक धाडसी आहे. फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयात ‘मेदिची व्हीनस’ ही प्राचीन संगमरवरी मूर्ती पाहा आणि मग सेस्तो फिओरेन्तिनोच्या जिनोरी संग्रहालयात तिचीच पोर्सेलीनमधील मोठी प्रतिकृती पाहा. माती भट्टीत आक्रसते, त्यामुळे एवढी मूर्ती तुकड्यांतुकड्यांनी भाजून जोडावी लागते. अशा मोठ्या कामांवर भाजताना पडलेल्या चिरा जवळून दिसतात; मी तर आधी त्याच शोधतो. हे संग्रहालय अनेक वर्षे बंद होते, त्यामुळे निघण्यापूर्वी ते उघडे असल्याची खात्री करून घ्या.

रानवाट:
मनःपूर्वक आभार. आठवण म्हणून एखादी लहान मूर्ती विकत घ्यावी का?

शाडू:
आवडली तर अवश्य घ्या, मात्र तळाशी मुकुटाखाली ‘एन’ अक्षर आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका. फर्डिनांडच्या कारखान्याची ही खूण नंतर अनेकांनी सर्रास वापरली. त्या एका अक्षरापायी मीही एकदा एका दुकानात चांगलाच फसलो होतो.