फजरची कुनूत, असरची वेळ आणि जमातीतला दुरावा

प्रश्न : एका जमातीचा चिटणीस, रत्नागिरी जिल्हा

अस्सलामु अलैकुम. आमच्या गावातली बहुतेक घरे पिढ्यान्‌पिढ्या शाफई मसलकाची (फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, एका परंपरेची) आहेत. गेल्या वर्षी जमातीने नेमलेले पेशइमाम उत्तर प्रदेशातले असून हनफी, म्हणजे दुसऱ्या मसलकाचे, आहेत. त्यांची किरत (कुराणपठण) सुरेख आहे आणि मुलांना ते मन लावून शिकवतात. मात्र फजरच्या (पहाटेच्या नमाजेच्या) दुसऱ्या रकातीत (आवर्तनात) रुकूनंतर (कमरेत वाकून उठल्यावर) ते कुनूत (उभ्याने पढायची दुआ) पढत नाहीत, त्यामुळे मागे हात उचलून उभ्या राहिलेल्या वडीलधाऱ्यांना दुआ अर्धवट टाकून सजद्यात जावे लागते. आखातातून परतलेल्या काही तरुणांचे म्हणणे असे की, फजरची रोजची कुनूत मुळात सिद्धच नाही. असरच्या (दुपारनंतरच्या नमाजेच्या) वेळेवरूनही असाच वाद आहे. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप गटावर एका तरुणाने दुसऱ्याच्या वडिलांना ‘बिदअती’ (धर्मात नवी रीत घुसवणारे) म्हटले, आणि त्या घरातले कोणीही त्या तरुणाच्या बहिणीच्या निकाहाला गेले नाही. जमातीची सभा लवकरच आहे. कोणाचे बरोबर याचा निवाडा मला करायचा नाही, तो माझा अधिकारही नाही. नमाज एकत्र राहावी आणि कोणाचा मान दुखावू नये, यासाठी सभेपुढे काय मांडावे?

उत्तर : फिकह शिकवणारी एक आलिमा

व अलैकुम अस्सलाम. आपण मांडलेल्या दोन वादांचे स्वरूप वेगळे आहे, म्हणून त्यांची चर्चा एकत्र करू नये असे मला वाटते. जमाअत (सामूहिक नमाज) किती वाजता उभी राहणार हे सर्वांसाठी एकच ठरवावे लागते. कुनूत पढणे न पढणे, आमीन मोठ्याने म्हणणे, हात कुठे बांधणे हे ज्याच्या त्याच्या मसलकावर सोडता येते.

असरचे पाहा. शाफई मतानुसार वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, वस्तूएवढी झाली की वेळ सुरू होते. इमाम अबू हनीफांच्या प्रसिद्ध मतानुसार ती दुप्पट झाल्यावर. कोकणात हे अंतर ऋतूप्रमाणे पाऊण तासापासून तासाहून अधिक होते. परंतु इमाम अबू हनीफांचेच दोन थोर शागीर्द, इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद, पहिल्या वेळेच्या बाजूचे आहेत, त्यामुळे आपल्या पेशइमामांना लवकरची जमाअत पढवताना स्वतःचा मसलक सोडावा लागत नाही. उलट, उशिराची वेळ ठरली तरी शाफई माणसाची नमाज अदाच (वेळेतलीच) होते. हे दोन्ही बाजूंना शांतपणे समजावले, तर भांडणाचे कारणच राहत नाही.

कुनूतसाठी पेशइमामांना एवढीच विनंती करावी की, रुकूतून उठल्यावर त्यांनी काही क्षण अधिक उभे राहावे. मागच्या शाफई नमाजींना तेवढ्यात छोटी दुआ पढता येते. हनफी फिकहमध्येही कुनूत पढणाऱ्या शाफई इमामाच्या मागे शांत उभे राहण्याची मुभा दिलेली आहे.

तरुणांना बनू कुरैझा टोळीवरच्या मोहिमेची हदीस जरूर वाचून दाखवावी. असर तिथे पोहोचूनच पढा, असा हुकूम होता. वाटेत वेळ टळू लागली तेव्हा काही सहाबांनी (पैगंबरांच्या सोबत्यांनी) वाटेतच नमाज पढली, काहींनी पोहोचल्यावर पढली, आणि पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी दोघांपैकी कोणालाही दोष दिला नाही. हजरत अब्दुल्ला इब्न मसऊद यांना मिनामध्ये (मक्केजवळ, हजच्या वेळी) प्रवासातल्या दोनऐवजी चार रकाती पढणे मान्य नव्हते, तरी खलिफा हजरत उस्मान यांच्या मागे त्यांनी चारच पढल्या, कारण फूट त्यांना अधिक वाईट वाटली.

उत्तर : एक वकील, मुंबई

हा वाद कोर्टापर्यंत जाऊ देऊ नका, एवढेच सांगण्यासाठी लिहितो. मोठ्याने आमीन म्हणण्यावरून १८८५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात फौजदारी खटला चालला होता, आणि न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी त्यात वेगळे मत नोंदवून फिकहच्या ग्रंथांचा तपशीलवार आधार घेतला होता. मशीद एका पंथापुरती राखून ठेवता येत नाही, अशी भूमिका त्याच न्यायालयाने १८८९ मध्ये घेतली. आपल्या सभेने कोणाला मशिदीत येण्यास मज्जाव करणारा ठराव करू नये, ही माझी कळकळीची सूचना आहे. गटावरच्या शब्दांचा विषय सभेत न घेता त्या दोन कुटुंबांच्या घरी जाऊन मिटवावा. जाहीर माफीच्या आग्रहाने माणूस हटून बसतो.

उत्तर : कुवेतहून परतलेला एक तरुण, रायगड जिल्हा

मी आपल्या गावचा नाही, पण त्या तरुणांसारखाच आहे. वडीलधाऱ्यांना बिदअती म्हणणे अदबीला धरून नाही, हे मी स्पष्टपणे मानतो. त्याचबरोबर हेही लिहिले पाहिजे की, आम्ही दलील (पुरावा) विचारली की लगेच ‘वहाबी’ म्हणून आम्हाला गप्प केले जाते, आणि मग तोच प्रश्न रात्री मोबाईलवर कडवट होऊन बाहेर पडतो. जमातीने इशानंतर (रात्रीच्या नमाजेनंतर) अधूनमधून अशी बैठक ठेवावी जिथे कोणीही प्रश्न विचारेल आणि जाणकार आलिम उत्तर देतील. आमच्या गावात ती सुरू झाल्यापासून गटावरचे वाद पुष्कळ कमी झाले आहेत, जरी मते आजही तीच आहेत.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांना जजाकल्लाह खैर. सभेपुढे असरची वेळ एवढाच विषय ठेवतो. कुनूतबद्दलची विनंती पेशइमामांना सभेतच करावी काय?

उत्तर : फिकह शिकवणारी एक आलिमा

सभेत नको. पगार देणाऱ्यांच्या घोळक्यात केलेली विनंती त्यांना हुकमासारखी वाटेल. आपण आणि मुतवल्ली साहेबांनी (मशिदीच्या व्यवस्थापकांनी) आधी त्यांच्या खोलीवर जाऊन बसावे, त्यांचे मत पूर्ण ऐकून घ्यावे आणि मगच आपले म्हणणे सांगावे.