सुटा नीलम घ्यायचाय, पत्रिकेसाठी नाही, हौसेसाठी. काय बघू?

इंदिरानगरच्या_बाई:
नमस्कार मंडळी. यंदा शाळेतून निवृत्त झाले आणि स्वतःसाठी म्हणून एक दागिना करायचा ठरवलाय. नीलमची अंगठी. साडेसातीबिडेसातीचा संबंध नाही, मला तो रंग आवडतो एवढंच. सराफ बाजारात एका पेढीवर सुटे खडे बघितले. त्यातला एक दाखवला तो "सिलोनचा, रॉयल ब्लू, सव्वापाच रत्ती". दिव्याखाली डोळे दिपले. दाराशी आणून बघितला तर काळपट. म्हणे, "आज ढगाळ आहे ना, म्हणून." सोबत लॅमिनेट केलेलं कार्ड आहे, त्यावर नुसतं "नॅचरल ब्लू सफायर" आणि वजन. बजेट सोन्यासकट सव्वा लाखाच्या आत. घ्यावा का? चांगला खडा ओळखायचा कशावरून?

सातपूरकर:
ताई, हौस म्हणून घेताय तरी आधी तीन रात्री उशीखाली ठेवून बघा. नीलम सगळ्यांना लाभत नाही. पुढे तुमची मर्जी.

गल्लीतला_कारागीर:
ताई, मी सराफ बाजाराच्या मागच्या अंगाला खडे बसवायचं काम करतो. विकत नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो.

ढगाळ हवेचं कारण मला पटलं नाही. ढगाळ दिवसाचा सावलीतला उजेड हीच नीलमची खरी परीक्षा. काउंटरवरच्या त्या बारक्या दिव्यांखाली काचेचा तुकडासुद्धा लखलखतो. खडा दारात बघा, ट्यूबलाइटखाली बघा, पिवळ्या बल्बखाली बघा. तिन्हीकडे निळा राहिला पाहिजे. बल्बखाली जरा जांभळट झाला तर चालेल, शाईसारखा काळा पडला तर सोडून द्या. "रॉयल ब्लू" हे नाव आता कुणीही कशालाही लावतं. जितका गडद तितका भारी, हा समजही चुकीचा. मध्यम किंवा त्याहून थोडा गडद, भरलेला निळा, राखाडी किंवा हिरवी झाक नसलेला, त्याला भाव. नीलम मुळातच एका दिशेने जांभळट निळा आणि दुसरीकडून हिरवट निळा दिसतो. पैलू पाडणाऱ्याने दिशा चुकवली की हिरवट बाजू तोंडावर येते.

मग खडा उलटा करा. गिऱ्हाईक हे कधी करत नाही, आम्हाला मात्र खड्याची पाठच आधी बघावी लागते. सिलोनच्या मालात वजन राखायला पोट फुगीर ठेवायची रीत आहे. ते पोट कोंदणात जातं, कुणाला दिसत नाही, पैसे मात्र त्याचेही मोजता. शिवाय अंगठी उंच करावी लागते आणि पदरात अडकते. पांढऱ्या कागदावर खडा पालथा ठेवून बाजूने बघा. पुष्कळदा सगळा निळा रंग टोकाजवळच्या एका पट्ट्यात असतो, बाकी खडा जवळजवळ बिनरंगी. सरळ केला की तोच पट्टा आतल्या पैलूंवरून परतून पूर्ण खडा निळा भासतो. याला मी फसवणूक म्हणणार नाही, कसबच आहे ते. पण उद्या कड उडाली आणि पुन्हा पैलू पाडायची वेळ आली तर रंग गेलाच म्हणून समजा.

पोट अगदीच सपाट असेल तर उलटी अडचण, मधोमध खिडकी पडते. खडा तोंड वर करून पेपरवर ठेवा. खालची अक्षरं वाचता आली तर उजेड आरपार निघून चाललाय.

आत रेशमासारखे बारीक धागे दिसले तर घाबरू नका. काश्मीरच्या नीलमची ती मखमली झाक असल्याच सूक्ष्म कणांमुळे येते. (पाडरचा तो माल 1881 च्या सुमारास सापडला आणि पाच-सहा वर्षांत चांगला भाग संपलाही. तेव्हा कुणी स्वस्तात काश्मिरी दाखवला तर चहा पिऊन उठा.) कडेपर्यंत आलेली चीर मात्र नको. काटे दाबताना तिथेच कपची उडते, मग नाव माझं.

तापवलेला असला तर काही बिघडत नाही. बाजारातला बहुतेक नीलम तापवलेलाच असतो, रंग टिकतो. फक्त न तापवलेल्याचा भाव वेगळा, म्हणून कळायला हवं. खरी भीती आहे चिरांमध्ये निळी काच भरलेल्या मालाची. झाळ लागली किंवा उजळणीच्या आम्लात पडला की काच खाल्ली जाते आणि वर पांढरं जाळं उमटतं. तुमच्या कार्डावर यातलं अक्षरही नाही. मुंबईत जीआयए, आयजीआयच्या प्रयोगशाळा आहेत. तिथला अहवाल मागा आणि त्यात प्रक्रियेचा रकाना वाचा. "नॅचरल" एवढ्याने तापवलाय का, काच भरलीय का, काहीच समजत नाही.

इंदिरानगरच्या_बाई:
एवढं सविस्तर लिहिलंत, आभार दादा. रत्तीचं काय? दुसऱ्या दुकानात तेवढाच दिसणारा खडा आठ रत्तीचा सांगितला!

गल्लीतला_कारागीर:
कारण रत्ती दोन प्रकारची चालते. एक साधारण 0.91 कॅरेटची, दुसरी सोनारी, साधारण 0.61 कॅरेटची. सव्वापाच रत्ती म्हणजे पावणेपाच कॅरेट की सव्वातीन, ते विक्रेत्याच्या मनावर. कॅरेटमध्येच विचारा, एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्यात वाद नाही. आणि खरं सांगू का, तुमच्या बजेटमध्ये सव्वापाच रत्तीचा मोह नको. सव्वापाच, सव्वासात हे आकडे ज्योतिषाचे, तुम्हाला त्यांचं काय? दीड कॅरेटचा, 8 बाय 6 मिलिमीटरच्या आसपासचा, जिवंत रंगाचा घ्या. बोटावर पुष्कळ दिसतो.

कॉलेजरोड_७:
जरा अवांतर. आमच्या पणजीच्या अंगठीत मोठा स्वच्छ नीलम आहे, एकही डाग नाही. जुनी वस्तू म्हणजे अस्सल असणारच ना?

गल्लीतला_कारागीर:
असंच काही नाही हो. व्हर्नुई नावाच्या फ्रेंच माणसाने ज्योतीत माणिक तयार करायची पद्धत 1902 मध्ये जाहीर केली, मागोमाग नीलमही आला. पणजीच्या काळात तो बाजारात होता. मोठा आणि अगदी निर्मळ म्हटलं की मला आधी शंका येते. भिंगाखाली रंगाच्या रेषा वाकलेल्या दिसल्या किंवा बुडबुडे दिसले तर मानवनिर्मित. खाणीतल्या खड्यात त्या सरळ असतात, कोनात वळतात. काढून बघायची गरज नाही, अंगठीतच तपासता येतो.

सातपूरकर:
आणि उशीखाली ठेवायचं राहिलंच की!

गल्लीतला_कारागीर:
ठेवू द्या की दादा. पावतीवर तेवढं लिहून घ्या, आठ दिवसांत परत घेणार म्हणून. तेवढ्यात प्रयोगशाळेचंही बघता येईल.