पक्षाविरुद्ध शून्य मतं, म्हणून खासदार गुलाम? त्या पोस्टला उत्तर आणि त्यावरची चर्चा (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

पटलावरचा कागद

दोन दिवसांपासून फिरणारी पोस्ट अशी: "आपल्या खासदाराने पाच वर्षांत पक्षाविरुद्ध एकदाही मत दिलं नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येकाची बंडखोर मतं मोजली जातात. इथे शून्य. असल्या गुलामाला पुन्हा पाठवू नका." खाली वाहवा सुरू आहे. वाचून चीड आली, म्हणून सविस्तर लिहितो.

हा शून्य मोजला कुठून? लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने होतात. बाजूचे "होय" म्हणतात, विरोधातले "नाही" म्हणतात, अध्यक्ष कौल सांगतात आणि विषय संपतो. नाव कुणाचंच लागत नाही. त्या कौलाला कुणी हरकत घेतली तर नियम 367 प्रमाणे लॉबी रिकामी करतात, साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडतात आणि पुन्हा हरकत आली तरच मतविभागणी, म्हणजे नावानिशी मोजणी. त्यातही मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजता येतात. तेव्हा नावं नोंदवायची नाहीत असं त्या नियमातच लिहिलंय.

2020 चे शेती कायदे घ्या. लोकसभेत आवाजी. राज्यसभेत 20 सप्टेंबरला विरोधक मतविभागणी मागत राहिले, उपसभापती हरिवंश यांनी आवाजीनेच मंजुरी जाहीर केली, दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित. अकाली दलाने त्यासाठी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं, तरी त्यांच्या खासदारांचा विरोध नावानिशी कोणत्याही यादीत सापडणार नाही. देशभर पेटलेल्या कायद्याची ही स्थिती.

नावं हमखास मिळतात ती घटनादुरुस्तीला. अनुच्छेद 368 ला एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, असं दोन्ही लागतं, त्यामुळे मोजल्याशिवाय भागत नाही. बाकीच्या विधेयकांना विरोधक मतविभागणीसाठी अडून बसले तरच, उदाहरणार्थ लोकसभेत नागरिकत्व दुरुस्ती 311 विरुद्ध 80, वक्फ 288 विरुद्ध 232.

आणि त्या मोजक्या प्रसंगीही दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, डोक्यावर आहे. 1985 च्या 52 व्या दुरुस्तीने आलेली. पक्षादेशाविरुद्ध (व्हिपविरुद्ध) मत दिलं किंवा मतदान टाळलं, आधी परवानगी नव्हती आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. ब्रिटनचा खासदार पक्षादेश मोडतो तेव्हा फार तर पक्षातून बाहेर जातो, खासदारकी राहते. दोघांना एका तराजूत घालणं हे अज्ञान आहे, आणि ते लोकांना खरं म्हणून वाटलं जातंय.

निळी टाचणी

अज्ञान म्हणायच्या आधी किहोतो होलोहान निकाल पूर्ण वाचा. सर्वोच्च न्यायालयाचा, 1992 चा, तीन विरुद्ध दोन. अनुसूची वैध ठरवताना बहुमताने स्पष्ट म्हटलंय की अपात्रतेचा धाक विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरता, आणि पक्षाने ज्या धोरणावर मतं मागितली त्या गाभ्याच्या विषयापुरता असावा. म्हणजे किरकोळ विधेयकावर पक्षाविरुद्ध मत द्यायला जागा आहे. ती कुणी वापरत नाही, आणि तुम्ही त्यांना कायद्याची ढाल आणून देताय.

वक्फच्या वेळी राज्यसभेत बिजू जनता दलाने पक्षादेश काढला नाही, सदस्यांच्या विवेकावर सोडलं. सस्मित पात्रा यांनी बाजूने मत दिलं, कुणाची खासदारकी गेली नाही. मग बाकीच्या पक्षांतल्या एकाने तरी उभं राहून "हा विषय मोकळा ठेवा" असं मागितलंय का?

पटलावरचा कागद

किहोतोचं तुम्ही अर्धंच सांगता. ते निकालपत्रात आहे, अनुसूचीच्या मजकुरात नाही. परिच्छेद 2 आजही "कोणताही आदेश" म्हणतो. गाभ्याचा विषय कोणता हे पहिल्यांदा ठरवणार अध्यक्ष, म्हणजे बहुतेक वेळा सत्ताधारी पक्षाचा माणूस. आपली जागा पणाला लावून त्या वाक्याची परीक्षा कोण घेणार? पक्ष तर सरसकट तीन ओळींचा, म्हणजे सगळ्यात कडक, आदेश काढतात. दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्ये आणि विधी आयोगाने 1999 च्या 170 व्या अहवालात हा आदेश सरकार पडण्याच्या प्रसंगापुरता मर्यादित करा म्हटलं. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारींनी त्यासाठी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, आणलं. खासगी विधेयक संसदेत शेवटचं मंजूर झालं 1970 साली, यावरून काय ते समजा.

शिवाय मतदानाचा प्रश्नच नसताना, फक्त वागण्यावरूनही सदस्यत्व जातं. जनता दल (संयुक्त)चे शरद यादव आणि अली अन्वर यांनी विरोधकांच्या सभेला हजेरी लावली, तेवढ्यावरून "स्वेच्छेने पक्ष सोडला" ठरलं आणि डिसेंबर 2017 मध्ये राज्यसभेतून दोघेही गेले.

शिरगणती

तुम्ही दोघं पक्षादेश मोडण्यावर भांडताय. आदेश कुणाचा, हे आधी ठरवा. महाराष्ट्राने 2022 मध्ये काय पाहिलं? एकाच शिवसेनेचे दोन प्रतोद, म्हणजे पक्षादेश काढणारे: ठाकरे गटाचे सुनील प्रभू आणि शिंदे गटाचे भरत गोगावले. 3 जुलैला अध्यक्षांची निवड, 4 जुलैला विश्वासदर्शक ठराव, 164 विरुद्ध 99. दोन्ही गट एकमेकांवर आदेशभंगाचा आरोप करत होते. त्या दिवशीची यादी घेऊन सांगा, कुणी पक्षाविरुद्ध मत दिलं? शिंदेंसोबतचे 40 आमदार की उरलेले?

निळी टाचणी

हे इथे कशाला? विषय संसदेचा आहे.

शिरगणती

अनुसूची एकच आहे, खासदाराला आणि आमदाराला. आणि उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 ला दिलंय: प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. गोगावलेंच्या नेमणुकीला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर.

तिसरी रेघ

पुढचंही सांगा ना. न्यायालयाने खरा पक्ष कोणता ते ठरवून निर्णय घ्यायचं अध्यक्षांवर सोपवलं. 10 जानेवारी 2024 ला राहुल नार्वेकरांनी शिंदे गट हाच खरा पक्ष आणि गोगावलेच वैध प्रतोद ठरवले. शिरगणतीसाहेब निम्मा इतिहास सांगून थांबतात, हे दर वेळचं आहे.

शिरगणती

निम्मा कोण सांगतंय? त्याच निर्णयात ठाकरे गटाचे आमदारही अपात्र झाले नाहीत, का ते लिहा. गोगावलेंचा आदेश त्यांना प्रत्यक्ष बजावला गेला नाही म्हणून. व्हॉट्सअॅपवर पाठवणं पुरेसं मानलं नाही. दोन्हीकडच्या याचिका फेटाळल्या. दोन परस्परविरोधी आदेश, सगळं सभागृह दोन बाजूंना उभं, आणि मोडणारा एकही नाही! एक तृतीयांश सदस्य फुटले तर मिळणारी सूट 91 व्या दुरुस्तीने 2003 मध्ये काढून टाकली, ती एवढ्यासाठी?

तिसरी रेघ

बजावणीचा मुद्दा हलका करू नका. आमदाराची जागा जाणार असेल तर आदेश त्याच्या हातात पडला याचा पुरावा लागणारच. प्रतोदाच्या कचेरीने सही घेऊन प्रत द्यावी, सदस्य भेटला नाही तर निवासावर पोच घ्यावी. हे नीट केलं नाही तर प्रकरण तिथेच कोसळतं, मग पक्ष कुठलाही असो.

शिरगणती

आणि अध्यक्षांनी दीड वर्ष घेतलं, तेही न्यायालयाने तारीख दिली म्हणून संपलं. 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने अशा याचिकांना साधारण तीन महिने म्हटलं होतं. हिमाचल बघा. 27 फेब्रुवारी 2024 ला काँग्रेसच्या सहा आमदारांनी राज्यसभेच्या निवडणुकीत भाजपच्या उमेदवाराला मत दिलं, 34-34 अशी बरोबरी झाली आणि चिठ्ठीवर अभिषेक सिंघवी हरले. 29 तारखेला सहाही अपात्र. एकीकडे दोन दिवस, दुसरीकडे अठरा महिने. अध्यक्षांच्या मर्जीवर चालणाऱ्या या गोष्टीला तुम्ही कायदा म्हणता?

रोजनिशी

हिमाचलचं कारण चुकीचं दिलंत. ते राज्यसभेच्या मतासाठी अपात्र झाले नाहीत. त्या निवडणुकीला अनुसूची लागतच नाही. 2003 पासून मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, पण विरुद्ध मत दिलं म्हणून आमदारकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या कुलदीप नय्यर निकालात 2006 ला आलंय. सहा जण गेले ते अर्थसंकल्प मंजूर होताना आदेश असून गैरहजर राहिले म्हणून. हा फरक कळल्याशिवाय कुणाचंही मतदान वाचता येणार नाही.

मूळ पोस्टला खरं उत्तरही महाराष्ट्रातच आहे. जून 2022. 10 तारखेला राज्यसभा, मत दाखवायचं. सुहास कांदेंचं मत दाखवण्याच्या पद्धतीवरून बाद झालं, इतकं त्यावर लक्ष. 20 तारखेला विधान परिषद, तेच आमदार, पण मतदान गुप्त. काँग्रेसचे पहिल्या पसंतीचे उमेदवार चंद्रकांत हंडोरे पडले, भाजपचे पाचही निवडून आले. दहा दिवसांत माणसं बदलली नव्हती, मतपत्रिका कुणाला दिसते ते बदललं होतं. उपराष्ट्रपतीच्या 2025 च्या निवडणुकीतही 452 विरुद्ध 300, बाद 15. गुप्त मतदान, पक्षादेश चालत नाही, त्यामुळे कोण फुटलं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही.

निळी टाचणी

म्हणजे धाक गेला की लोक विकले जातात, असंच ना? मग धाक असलेला बरा.

पटलावरचा कागद

पैसे घेऊन मत देणं हा वेगळा गुन्हा आहे. लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या सदस्यांना 1998 च्या निकालाने दिलेलं संरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या सीता सोरेन निकालाने मार्च 2024 मध्ये काढून टाकलं, सात न्यायमूर्तींनी. लाचेसाठी तो रस्ता आहे. लाचखोराच्या भीतीने प्रामाणिक सदस्याचं तोंड का बांधायचं? दोन तृतीयांश जण मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर सुरक्षित. एकट्याने एका विधेयकावर "नाही" म्हटलं तर धोक्यात. घाऊक पक्षांतराला वाट आणि एका मताला शिक्षा, हे उलटं आहे आणि मला ते मनापासून खटकतं.

निळी टाचणी

हे एवढं मान्य. नाइलाजाने, पण मान्य. तरी माझा मुद्दा सुटत नाही. आवाजी मतदानाला हरकत घ्यायला एक आवाज पुरतो. मोबाइलवर व्हिडिओ टाकणारे खासदार तो आवाज का देत नाहीत? आणि ज्याला पटत नाही तो राजीनामा देऊ शकतो. नाना पटोले यांनी डिसेंबर 2017 मध्ये भाजपची खासदारकी सोडली. 2019 मध्ये 370 च्या वेळी काँग्रेसचे राज्यसभेतले मुख्य प्रतोद भुवनेश्वर कलिता यांनी आदेश काढायचा सोडून राजीनामा दिला. पटो न पटो, त्यांनी किंमत मोजली.

पटलावरचा कागद

एक आवाज पुरतो हे खरं, ते मी लिहायला हवं होतं. पण आवाज उठवूनही 20 सप्टेंबरला काय झालं ते वर आहे.

रोजनिशी

ज्यांना खरंच खासदार तपासायचाय त्यांच्यासाठी, कारण पोस्ट लिहिणाऱ्याने यादी उघडलेली दिसत नाही.

हजेरी, प्रश्न आणि भाषणांचे जे आकडे फिरतात त्यात मतं नसतात. मंत्री हजेरीपटावर सहीच करत नाहीत, त्यामुळे तिथली रिकामी जागा म्हणजे दांडी नव्हे. मतं सापडतात त्या दिवसाच्या छापील कामकाजात, मतविभागणी क्रमांकाखाली. "होय" आणि "नाही" अशा नावांच्या याद्या असतात. खालची टीप सोडू नका: सभागृहात जाहीर होणारा आकडा "दुरुस्तीच्या अधीन" असतो, चिठ्ठीने मत दिलेल्यांची किंवा मत दुरुस्त केलेल्यांची नावं टिपेत येतात. जुन्या सभागृहातल्या यंत्रावर मतदानाचा स्विच आणि रंगाचं बटण एकदम दाबून दुसरी घंटा होईपर्यंत धरावं लागे. हात आधी सुटला की मत उमटत नसे, मग चिठ्ठी. फलकाचा फोटो काढून "आमचा खासदार गायब" म्हणणारे इथेच फसतात. नव्या इमारतीत महिला आरक्षणाला 20 सप्टेंबर 2023 ला तर सगळंच चिठ्ठ्यांवर झालं, 454 विरुद्ध 2. ते दोन ओवेसी आणि इम्तियाज जलील, आणि ती त्यांच्या पक्षाचीच भूमिका होती. "विरोधात मत" आणि "पक्षाविरुद्ध मत" एक नव्हे.

नाव दोन्ही याद्यांत नसेल तर तीन शक्यता: परवानगीने गैरहजर, पक्षाचा सभात्याग, किंवा चुपचाप टाळलेलं. पहिल्या दोन बातम्यांतून आणि भाषणांतून कळतात. नागरिकत्व विधेयकाला शिवसेनेने 9 डिसेंबर 2019 ला लोकसभेत बाजूने मत दिलं आणि 11 तारखेला राज्यसभेत सभात्याग केला. एकाही खासदाराने पक्षादेश मोडला नाही. भूमिका बदलली ती पक्षाची. खासदारांच्या नावापुढे "बंडखोर मतं: शून्य" लिहाल तर ही गोष्ट तुमच्या तक्त्यात दिसणारच नाही.

शिरगणती

आणि 2022 च्या आमदारांच्या नावापुढे काय लिहायचं?

तिसरी रेघ

तारीख, ठराव, प्रतोदाचं नाव आणि आदेश बजावल्याची पोच. चार रकाने. पोच नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, आपल्या मताने भरायचा नाही.

निळी टाचणी

"गुलाम" हा शब्द मी मागे घेतो, पोस्ट माझ्याच गटातून गेली होती. पण खासदार समोर आले की एवढं विचारणार: मागच्या अधिवेशनात कोणत्या विधेयकावर तुम्ही मतविभागणी मागितली?

पटलावरचा कागद

विचारा. सोबत कामकाजाचं ते पान छापून न्या.