कोकरच्या कानातले केस उपटावेत का? आणि तिला रात्री झोपवायचं कुठे?

लांबकानी

आमच्याकडे कोकर स्पॅनियल आहे, चिंगी. दीड वर्षाची. दोन गोष्टी विचारायच्या आहेत आणि दोन्हींवरून घरात रोज वाद होतोय.

पहिली कानांची. मागच्या वेळी तिला केस कापायला नेलं तेव्हा तिथल्या माणसाने मला न विचारता चिमट्याने दोन्ही कानांतले केस उपटले. तेव्हापासून ती डाव्या कानाला हात लावू देत नाही. त्या कानातून आंबूस वास येतो, तपकिरी मळही निघतो. मी कापसाच्या काडीने आतून पुसते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच मळ. हे केस नियमित उपटायचे असतात की नाही?

दुसरी झोपण्याची. पिल्लू असल्यापासून ती आमच्या बेडवर पायाशी झोपते. आता वासामुळे नवरा म्हणतोय, तिला बाहेर हॉलमध्ये झोपव. बाहेर ठेवून पाहिलं तर रात्रभर दार खरवडत बसली. सासूबाईंना तिची दया येते, मलाही येते. काय करावं?

पूडलप्रेमी

उपटायलाच हवेत. केसांमुळे कानात हवा खेळत नाही आणि मग वास मारतो. आमच्या पूडलचे दर महिन्याला पावडर लावून बोटांनी काढतो, कधी त्रास नाही. झोपायचं म्हणाल तर कुत्रं बेडवर नकोच, एकदा सवय लागली की सुटत नाही.

कंगवा

ताई, मी कुत्र्यांचं ग्रूमिंग करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत कोकर भरपूर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी ती कापसाची काडी बंद करा. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. ती आधी उभी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. काडी त्या वळणापर्यंतच पोचते आणि वरचा मळ दाबून दाबून खाली बसवते. तुम्हाला रोज नवा मळ दिसतो याचं कारण आत काहीतरी चालू आहे, आणि ते पुसून जाणारं नाही.

दुसरं, आत्ता कानात काहीही घालू नका. तेल नाही, व्हिनेगर नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, दुकानातलं क्लीनरसुद्धा नाही. आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ते कानात यंत्र घालून पडदा शाबूत आहे का ते बघतील. पडदा फाटलेला असेल तर काही क्लीनर आणि काही थेंब मधल्या कानात उतरतात आणि ऐकण्यावर, तोल सांभाळण्यावर परिणाम होऊ शकतो. शिवाय मळाचा नमुना काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की हे यीस्ट (एक प्रकारची बुरशी) आहे, जिवाणू आहेत की माइट्स (कानातले बारीक किडे), ते कळतं. माइट्स असले तर मळ बहुधा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, कोरडा, चुरचुरीत असतो. यीस्टचा तपकिरी, चिकट आणि आंबूस वासाचा. तुमचं वर्णन दुसऱ्याकडे झुकतंय, पण नुसत्या वासावरून औषध सुरू करू नये. ती मान एका बाजूला कलती धरत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर आजच न्या, उद्यावर टाकू नका. कानाची पाळी अचानक गरम आणि फुग्यासारखी टम्म झाली तरी तेच. जोरजोरात डोकं झटकून आतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळीत रक्त साठतं.

आता केस उपटण्याबद्दल. पूडलप्रेमी, तुमच्या पूडलला सोसतंय हे चांगलंच आहे. पण निरोगी कानातले केस केवळ प्रथा म्हणून उपटू नयेत, असं माझं ठाम मत आहे. एकेक केस मुळासकट निघतो तेव्हा त्या जागी बारीक जखम होते, सूज येते, ओल सुटते, आणि यीस्टला हवं असतं ते नेमकं हेच. ज्या कुत्र्याचा कान केसांनी गच्च भरलाय, मळ त्यात अडकतोय आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होतोय, त्याचे केस काढावे लागतात. पण ते डॉक्टरांनी ठरवावं. सुजलेल्या, दुखऱ्या कानातले तर कधीच उपटू नयेत, अशा वेळी कितीतरी कुत्र्यांना भूल द्यावी लागते. आणि विचारल्याशिवाय कुणाच्या कुत्र्याच्या कानात चिमटा घालणं मला अजिबात मान्य नाही.

कोकरची अडचण केसांपेक्षा वेगळी आहे. या जातीच्या कानात मेण तयार करणाऱ्या ग्रंथी जास्त असतात आणि वर जड पाळीचं झाकण. त्यामुळे उपटण्यापेक्षा छाटणं उपयोगी पडतं. पाळी उलटी करून कानाच्या तोंडाभोवतीचे केस मशिनने अगदी बारीक करायचे, पाळीचा वरचा एक तृतीयांश भागही आतून-बाहेरून कमी करायचा. झाकण हलकं होतं, वारा लागतो. पुढच्या वेळी ग्रूमरला एवढंच सांगा: आतले उपटू नका, तोंडाभोवतीचे बारीक करा.

कानामागे, पाळी डोक्याला चिकटते तिथे, मऊ केसांच्या जटा होतात. त्या कात्रीने कापू नका. जट कातडीला इतकी घट्ट बसलेली असते की कातडी तिच्याबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. आधी बोटांनी सोडवा. नाही सुटली तर कातडी आणि जट यांच्यामध्ये कंगवा सरकवा आणि कंगव्याच्या वरून मशिन चालवा.

आणखी एक जागा दाखवते, बऱ्याच जणांना माहीत नसते. पाळीच्या बाहेरच्या कडेला, बुडाशी, कातडीची एक छोटी दुहेरी घडी असते, खिशासारखी. ती जन्मतःच असते, जखम नव्हे. पण गोचीड तिथे लपून बसते, कंगव्याला लागत नाही. फिरून आल्यावर तो खिसा अंगठ्याने उघडून बघत जा.

झोपण्याबद्दल माझं म्हणणं सरळ आहे: तिला आत्ता हॉलमध्ये काढू नका. कान दुखणारं कुत्रं दिवसा खेळात विसरतं, रात्री खाजवतं, डोकं झटकतं. लांब कान गालांवर फटफट आपटल्याचा आवाज येतो ना, तो आवाज ज्यांना झोपेत ऐकू जातो ते लोक कुत्र्याला वेळेत डॉक्टरांकडे नेतात. बंद दाराच्या पलीकडे झोपणाऱ्या कुत्र्याचा कान माझ्या टेबलावर येईपर्यंत सुजून नळी निम्मी बुजलेली असते. हे मी वारंवार पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

बेडवरच हवी असं मात्र नाही. अमेरिकेत मेयो क्लिनिकने 40 जणांच्या आणि त्यांच्या कुत्र्यांच्या झोपेच्या नोंदी घेतल्या होत्या, तो अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रं खोलीत असलं तरी माणसांची झोप बऱ्यापैकी चांगली होती, बेडवर असलं की ती घसरत होती. म्हणून तुमच्या बेडलगत, जमिनीवर तिची गादी टाका. रात्री हात खाली सोडला तर तिला लागेल इतकी जवळ. गादीवर तुमची वापरलेली चादर घाला. पुढे कान बरा झाल्यावर हॉलमध्ये न्यायचंच ठरलं, तर गादी थोडी थोडी दाराकडे सरकवा, एका रात्रीत हद्दपार करू नका. गादीची कव्हरं दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, नाहीतर कान बरा झाला तरी वास तिथेच राहील आणि घरातले चिंगीलाच बोल लावतील.

जुनालॅब

कंगवाताईंशी सहमत. आमचा लॅब्राडोर आता म्हातारा आहे, सांधे आखडलेत, ऐकूही कमी येतं. आयुष्यभर बेडवर झोपला, पण आता उडी मारून उतरताना पुढच्या पायांवर सगळा भार येतो म्हणून त्याला खाली जाड गादी केली. पातळ गादीवर कोपरांची कातडी जाड आणि काळी पडत होती, जाड फोम घेतल्यावर ते थांबलं. हात दाबून पाहावा, तळहाताला जमीन लागली तर ती गादी जड कुत्र्याला पुरत नाही.

ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांना कळकळीने सांगतो, झोपलेल्या कुत्र्याला अंगाला हात लावून उठवू देऊ नका. लांबून नावाने हाक मारायची. आमच्या बहिऱ्यासाठी आम्ही जमिनीवर पाय आपटतो, हादरा कळला की तो मान वर करतो. दचकून उठलेलं प्रेमळ कुत्रंही दात लावतं. आणि दुखरा कान असेल तर विचारूच नका.

लांबकानी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडे जाऊन आलो. यीस्टच आहे, पडदा शाबूत आहे. ती पंजेही चाटते म्हटल्यावर ते म्हणाले, मुळात ॲलर्जी असू शकते, कान बरा झाला की त्याचा शोध घेऊ. क्लीनर आणि थेंब दिलेत. गादी बेडलगत टाकली, नवऱ्याच्या बाजूला, आणि त्यानेच टाकली!

अडचण एकच. बाटली दिसली की ती जाऊन आपल्या गादीवर कोपऱ्यात अंग चोरून बसते. तिथेच धरून घालू का?

कंगवा

नको, तिथे नको. गादी ही तिची निर्धास्त असायची जागा आहे, तिथे दुखलं तर ती झोपायलाही जाणार नाही. औषधाची जागा वेगळी ठरवा, बाथरूमबाहेरचं पायपुसणं चालेल. आवडीचा खाऊ दाखवून तिला तिथे बोलावा. सुरुवातीला नुसती बंद बाटली कानाजवळ न्यायची, खाऊ द्यायचा, सोडून द्यायचं.

बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार द्रव कानात गेला की कुठलंही कुत्रं दचकतं. तुम्ही तिच्या बाजूला बसा, समोरून वाकू नका. पाळी हलकेच वर धरा, नळी थोडी सरळ होते. क्लीनर नळी भरेल इतकं घाला, बाटलीचं टोक कानाला टेकवू नका. मग कानाच्या बुडाशी, जबड्याच्या मागे, अर्धा मिनिट मऊ हाताने चोळा. आतून पचक-पचक आवाज आला म्हणजे द्रव खाली पोचला. बाजूला व्हा आणि तिला डोकं झटकू द्या, खालचा मळ त्या झटक्याने वर येतो. बोटाला गॉज गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढंच पुसा. थेंब लगेच घालायचे की थोड्या वेळाने, ते डॉक्टरांना विचारून घ्या. क्लीनर त्यांनी सांगितलं त्यापेक्षा जास्त वेळा वापरू नका, सतत ओला राहिलेला कानही बिघडतो. आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नका आणि नंतर पाळी आतून कोरडी करा.

पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं आणि खोल घ्या, म्हणजे पाळ्या बाहेर राहतील. कोकरचे कान निम्मा दिवस ओले असतात ते पसरट भांड्यामुळेच.

आणि वास गेला, खाज थांबली तरी थेंब मध्येच सोडू नका. सांगितलेले दिवस पूर्ण करा आणि पुन्हा दाखवायला जा. मळाचा नमुना पुन्हा काचेवर बघायला सांगा. बाहेरून स्वच्छ दिसणाऱ्या कानात खाली यीस्ट उरलेलं असतं आणि महिन्याभरात सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पंजे चाटणं कधी वाढतं, कुठल्या दिवसांत, काय खाल्ल्यावर, ते वहीत लिहून ठेवा. ॲलर्जी शोधताना डॉक्टर हेच विचारतील.