इंदूर : तिरंगी मांजरीसाठी घर हवंय, पारख कशी करायची?

प्रश्न (सुदामानगर)
तिरंगी मांजर, वय साधारण 7 महिने. माणसाळलेली आहे, ट्रे वापरते. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस झाली, नसबंदी बाकी. तीन घरांतून विचारणा आहे : विजयनगरला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, राजवाड्याजवळचा जुना वाडा आणि आधीच एक बोका असलेलं घर. नसबंदीचं नव्या घरावर सोपवलं तर चालेल का? घरात काय बघायचं?

बोक्याची_मावशी
नसबंदी करूनच द्या. ‘आम्ही करून घेऊ’ असं लोक मनापासून म्हणतात, पण या वयाची मांजर कधीही गाभण राहते आणि 63-65 दिवसांत पिल्लं होतात. ऑपरेशननंतर 10 ते 14 दिवस गळ्यात शंकूसारखी कॉलर ठेवा, नाहीतर ती टाके चाटून उसवते. जखम भरल्यावरच घर बदला.

जाळी_आधी
फ्लॅटवाल्यांकडे स्वतः जा आणि जाळी बोटांनी दाबून बघा. नायलॉनची कबुतरजाळी मांजर कुरतडते, सरकती मच्छरजाळी धक्क्यानं उघडते. 1 इंची वेल्डेड तारेची जाळी हवी, कडेला फट नको. मांजर पायांवर पडते यावर विसंबू नका. उंचावरून पडल्यावर जबडा फुटतो, छातीला मार बसतो.
वाड्यात निसटायच्या वाटा फार. शिवाय रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, राजवाड्यावरूनच जाते. त्या आठवड्यात आणि दिवाळीत मांजर कुठल्याच नव्या घरी पाठवू नका.
आणखी एक, फरशी कशानं पुसतात ते जरूर विचारा. फिनाईलवरून चाललेले पंजे ती चाटते आणि मांजराच्या यकृताला ते विष पचवता येत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेते, हेही सांगून ठेवा.

प्रश्न (सुदामानगर)
बोक्याची नसबंदी झालेली आहे, घरातले सगळे तयार आहेत. घर तळमजल्यावर, खिडक्यांना तारेची जाळी. तिथं द्यायचं म्हटलं तर दोघांची गाठ कशी घालायची?

बोक्याची_मावशी
मग तेच घर बरं. आधी दोघांची रक्ततपासणी करा, मांजरांचा ल्युकेमिया आणि एफआयव्ही (दोन्ही एका मांजराकडून दुसऱ्याला लागणारे विषाणूंचे आजार). पहिले 7-10 दिवस तिला वेगळी, बंद खोली. तिच्या अंगाखालचं न धुतलेलं फडकं बोक्याच्या जागी, त्याचं तिच्याकडे. जेवण बंद दाराच्या दोन्ही बाजूंना. फिसकारणं थांबलं की दार चार बोटं उघडा. घाई केलीत आणि पहिल्याच दिवशी जुंपली, तर ती धास्ती महिनोन् महिने जात नाही. ट्रे तीन ठेवायला सांगा, तिच्या ट्रेमध्ये सध्याचीच माती.
पहिला दिवस पलंगाखाली बसून काढेल, काढू दे. मात्र पूर्ण 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा आणि दुसरा दिवस उलटू देऊ नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते.

जाळी_आधी
लसीचं कार्ड सोबत द्या. जमलं नाही तर मांजर तुमच्याकडेच परत येईल, परस्पर तिसऱ्याला जाणार नाही, एवढं लिहून घ्या.