मदत हवी आहे: वाडीत रिसॉर्ट येतंय, रस्त्याचं काय?

नमस्कार मंडळी. दापोलीजवळ आमच्या वाडीतली नारळी-पोफळीची जागा शेतीतून वाणिज्य वापरात घालायचा प्रस्ताव आलाय. हरकतीला महिना आहे. रस्ता एकेरी, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे; समोरून एसटी आली की रिक्षा कुणाच्या तरी बेड्यात (फाटकात) मागे घ्यायची.

आयआरसी ६४ (इंडियन रोड्स काँग्रेसची ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेची मार्गदर्शिका) सपाटीवरच्या, बाजूपट्ट्या चांगल्या असलेल्या एकेरी रस्त्याची क्षमता दिवसाला २००० पीसीयू (म्हणजे कारच्या हिशेबात मोजलेली वाहनं) धरते: बस ३, कार १, दुचाकी अर्धा. वाहनांची मोजणी आम्हीच करू. पण साधा मंगळवार मोजायचा की मे महिन्यातला शनिवार? रिसॉर्टवाल्यांनी मंगळवार धरलाय, तोही जुलैतला! आणि रिसॉर्टच्या ६० खोल्यांमागे गाड्यांच्या फेऱ्या किती धरायच्या? शेजारच्या चालू रिसॉर्टच्या फाटकावर बसून मोजलेलं ग्राह्य धरतात का? कुणी अशी हरकत घेतली असेल तर मसुदा पाठवा.