पहिलीच गाडी, पहिलाच इव्हेंट, फॉर्म्युला भारतला जेमतेम सहा आठवडे - विंग लावायची का टेस्टिंग करायचं?

नटबोल्ट_सांगली

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजची टीम, कॉलेजच्या इतिहासातली पहिलीच फॉर्म्युला गाडी करतोय, जानेवारीत कोइंबतूरला करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत (कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा) आहे तिथे उतरायचंय. इंजिन जुन्या ड्यूक ३९० चं, ३७३ सीसी. फ्रेम एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडे आर्गनवर वेल्ड करून घेतली, माणूस लै भारी आहे पण वेळेचा आणि त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे महिनाभर मागे पडलोय. आत्ता स्थिती अशी की सस्पेन्शन बसलंय, इंजिन बसलंय, वायरिंग अर्धं झालंय, इंजिन स्टँडवर चालू होतं पण गाडी स्वतःच्या चाकावर अजून दहा फूट पण गेली नाही.

आता टीममध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते कार्बन फायबर आणून ठेवलंय, विंगचे, म्हणजे गाडीला हवेने खाली दाबणाऱ्या पंखांचे, मोल्ड तयार आहेत, विंग लावूनच जायचं, नाहीतर फोटोत गाडी गो-कार्टसारखी दिसेल आणि स्पॉन्सर काय म्हणतील. दुसरी म्हणते विंग राहू दे बाजूला, गाडी पळवा आधी. मी कॅप्टन, मला दोन्हीकडून शिव्या. त्यात टेस्टिंगला जागा नाही, साखर कारखान्याचं आवार देतो म्हणाले होते पण आता गाळप चालूय, सगळीकडे उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर रविवारी गर्दी नसते तिथे चालवावी का?

जे जाऊन आलेत त्यांनी सांगा, पहिल्या वेळेला त्या चार-पाच दिवसांत नक्की होतं काय? आणि एचओडी सर म्हणतायत यंदा राहू द्या, पुढच्या वर्षी नीट तयारीने जा, त्याचं काय करू?

रेस्ट्रिक्टर_२०

भावा सगळ्यात आधी, रस्त्यावर अजिबात नाही. विनानंबरची गाडी, नवीन ब्रेक, नवीन ड्रायव्हर आणि समोरून कुणीतरी एम-एटी वर डबल सीट. काय झालं तर टीम सोड, कॉलेजच अडकेल.

विंग काढून टाक डोक्यातून, यंदापुरती. तिकडे ऑटोक्रॉसचा (गाडी एकटीच सोडून लॅपचा टाइम घेतात तो इव्हेंट) ट्रॅक कोनमधून वळणावळणाचा असतो, अ‍ॅव्हरेज स्पीड आपल्या स्टेट हायवेवरच्या एसटीएवढा, त्यात वीस मिमीचा रेस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा अडवणारं अरुंद तोंड) लावलेलं सिंगल सिलिंडर. विंगने फायदा होतो, नाही असं नाही, पण तो ज्यांची गाडी वर्षभर पळतेय त्यांना. तुम्हाला तीच विंग इन्स्पेक्शनमध्ये आणखी एक कटकट, मापं बघतात, कडा किती धारदार ते बघतात, दाबून बघतात, २०० न्यूटनच्या जोरात १० मिमीपेक्षा जास्त वाकली तर परत पिटमध्ये.

पहिल्या वेळेला होतं काय ते सांगतो. तुम्हाला वाटतं आपण रेसला चाललोय. पहिल्या वेळची टीम खरंतर इन्स्पेक्शनला चाललेली असते. आधी प्री-इन्स्पेक्शन, हेल्मेट, सूट, फायर एक्स्टिंग्विशर, पुशबार (गाडी ढकलायचा दांडा), क्विक जॅक (झटकन उचलायचा) वगैरे, मग मेकॅनिकल, मग टिल्ट (गाडी तिरकी करून बघतात), मग नॉइज, मग ब्रेक टेस्ट. एकेक स्टिकर मिळतो. सगळे स्टिकर मिळाल्याशिवाय ट्रॅकवर चाक नाही. आणि दरवर्षी कितीतरी गाड्या अशा असतात ज्या दिसायला शोरूममधून आणल्यासारख्या पण ब्रेक टेस्टच्या लायनीतच इव्हेंट संपतो.

मेकॅनिकलला काय बघतात तर नट. खरंच. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, हार्नेस यातला एकेक बोल्ट, नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेल्या) नटच्या बाहेर दोन आटे दिसले पाहिजेत, बोल्ट ८.८ ग्रेडच्या खालचा नको, आणि एक्झॉस्टजवळ नायलॉक चालत नाही, तापून नायलॉन वितळतं, तिथे मेटलचा लॉकनट टाक. इन्स्पेक्टर टॉर्च घेऊन खाली झोपतो आणि रॉड एंडवर (सस्पेन्शनच्या दांड्याच्या टोकाचा सांधा) टॉर्च मारून आटे मोजतो, बोल्ट दोन मिमी आखूड असेल तर चल परत. त्यामुळे इथूनच M6 M8 चे सगळ्या लांबीचे बोल्ट डबाभर घेऊन जा, तिथे दुकान शोधायला गावात जाण्यात अर्धा दिवस जातो.

आणखी, रेडिएटरमध्ये नुसतं पाणी. हिरवं कूलंट टाकून बसली असतील पोरं तर आत्ताच काढून दोनदा धुऊन घ्या, नियमात साधं पाणीच चालतं. ऑइल ब्रीदर आणि कूलंट दोन्हीला वेगळे कॅच कॅन (उतू जाणारं धरायचे डबे), ९०० मिलिचे धर म्हणजे कुणी विचारणार नाही. थ्रॉटल बॉडीला दोन रिटर्न स्प्रिंग आहेत ना? एकच असते बऱ्याच जणांची.

ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक व्हायला पाहिजेत, गाडी सरळ थांबली पाहिजे आणि इंजिन बंद पडता कामा नये. हे तिसरं सगळे विसरतात. ड्रायव्हरला क्लच दाबायची सवय लागली पाहिजे आणि ती फक्त चालवूनच लागते. पुढची लॉक होतात मागची होत नाहीत, मग बायस बार (पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर वाटणारा दांडा) फिरवत बसायचं, त्यात पॅड नवीन करकरीत असतील तर अजून मजा. पॅड घरीच बसवून घासून घेऊन जा.

पिटलेन_ताई

वरच्या भाऊने गाडीचं सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर, पण मुलांनो एक गोष्ट सगळे विसरतात. डिझाइन १५०, कॉस्ट १००, बिझनेस प्लॅन ७५. हे सव्वातीनशे पॉइंट गाडी चालू न होता मिळतात. पहिल्या वर्षीच्या टीमचा खरा स्कोअर इथेच होतो आणि नेमकं याच्यासाठी शेवटच्या रात्री ट्रेनमध्ये पीपीटी करतात. कॉस्टच्या शीटमध्ये गाडीतला प्रत्येक वॉशर पाहिजे, हे काम वर्कशॉपमध्ये हात काळे करायला आवडत नाही अशा एखाद्या शांत पोराला किंवा पोरीला आजच द्या, ते जीव लावून करतात.

डिझाइनचा जज तुम्हाला "विंग का नाही" हे विचारणारच. तेव्हा "वेळ नव्हता" म्हणायचं नाही. किती वजन वाढलं असतं, तुमच्या स्पीडला किती डाऊनफोर्स (खाली दाबणारा जोर) आला असता, म्हणून आम्ही ठरवलं की नाही लावायची, असं आकडे घेऊन सांगायचं. म्हणजे विंगवाल्या पार्टीला पण काम मिळतं, त्यांना हे गणित करायला बसवा, भांडण मिटेल. स्पॉन्सरला गाडीचा चालू असतानाचा व्हिडिओ पाठवा, तो फोटोपेक्षा जास्त आवडतो त्यांना.

दुसरं म्हणजे ड्रायव्हर. इग्रेस टेस्ट, म्हणजे गाडीतून बाहेर पडायची, पाच सेकंदांची आहे, पूर्ण सूट, हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बेल्ट लावलेला, स्टिअरिंग लागलेलं, तिथून सुरू आणि दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत. सगळ्या ड्रायव्हरना करावी लागते. आमच्याकडे मेसमध्ये जेवण झालं की रोज फ्रेममध्ये बसवून सराव घ्यायचो, नुसत्या फ्रेममध्ये पण होतो, गाडी पूर्ण व्हायची वाट बघू नका. आणि ड्रायव्हरला रात्रभर वेल्डिंगच्या कामाला जुंपू नका प्लीज. सगळी टीम जागी असताना तो झोपलाय म्हणून लोक टोमणे मारतात, मारू देत.

रूलबुकची प्रिंट काढा आणि एकाच माणसाला ती पाठ करू द्या. इन्स्पेक्टरशी फक्त तोच बोलेल. पाच जण एकदम बोलायला लागले की इन्स्पेक्टर अजून बारीक बघायला लागतो, हा माझा अनुभव.

गॅरेजवाले_काका

मी काही तुमच्यासारखा एसएई (या कॉलेजच्या गाड्यांच्या स्पर्धा) वाला नाही, आमच्या वेळी हे नव्हतंच, पण गाड्यांचा नाद चाळीस वर्षांचा म्हणून लिहितो. तुमचे एचओडी साहेब म्हणतात ते अगदीच चूक नाही. १९९७ ला लोला या रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने फॉर्म्युला वनमध्ये अशीच घाई केली होती. स्पॉन्सरला यंदाच पाहिजे म्हणून गाडी विंड टनेल (हवेच्या झोताची चाचणी) न बघता मेलबर्नला नेली, पोल टाइमच्या (सगळ्यात फास्ट लॅपच्या) एक गाडी अकरा आणि दुसरी बारा सेकंदांहून जास्त मागे, १०७ टक्क्यांच्या नियमात (पोल टाइमच्या १०७ टक्क्यांच्या आत लॅप पाहिजे) बसल्याच नाहीत, रेस बघायला पॅव्हेलियनमध्ये. पुढच्या ब्राझीलच्या रेसच्या आधी टीमच बंद.

पण दुसरी बाजू पण बघा. २०१० ला बहरीनला हिस्पानिया टीम आली, त्यात ड्रायव्हर आपला चेन्नईचा करुण चंडोक. त्याची गाडी पिटमध्येच जोडत होते. शुक्रवारची प्रॅक्टिस गेली, शनिवारची पण गेली, आणि त्या गाडीने पहिल्यांदा चाक हलवलं ते थेट क्वालिफाइंगमध्ये! जगात कुणी असं करत नाही. रेसमध्ये दुसऱ्याच लॅपला ठोकली. लोक हसले. पण पंधरा दिवसांनी मेलबर्नला त्याच माणसाने गाडी शेवटपर्यंत आणली, चौदावा आला, पाच लॅप मागे, पण आला. टीमचा तो पहिला फिनिश. बहरीनला गेलेच नसते तर ते पंधरा दिवसांत शिकले नसते.

फरक काय, तर लोलाची गाडी मुळात स्लो होती, ते तिथे जाऊन काय दुरुस्त करणार. हिस्पानियाची नुसती अपुरी होती. तुमची अपुरी आहे. जावा.

आणि जागेचं म्हणाल तर कोल्हापूरकडे गो-कार्टचा ट्रॅक आहे, तिथे बोलून बघा, सकाळी लवकर गिऱ्हाईक नसतं तेव्हा देतात कधी कधी. कॉलेजचं लेटरहेड आणि सर सोबत घेऊन जा, पोरंच गेली तर उभं करत नाहीत.

जाता जाता, ज्यांच्या नावाने तो करी ट्रॅक आहे ते एस. करिवर्धन, त्यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती बनवल्या होत्या, कोइंबतूरमध्येच. नारायण कार्तिकेयन, आपला पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर, सुरुवातीला त्यातच पळाला. तेव्हा छोट्या इंजिनाची लाज बाळगू नका.

नटबोल्ट_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची पोस्ट सरांना जशीच्या तशी दाखवली, हसले, म्हणाले "हिस्पानियावाल्यांना बॅकलॉग नव्हते". पण हो म्हणालेत, एका अटीवर, पंधरा दिवसांत गाडी चालली पाहिजे. ताई, विंगवाल्यांना गणिताला बसवलंय, चिडलेत पण बसलेत. कार्टच्या ट्रॅकवाल्यांशी बोलणं झालं, पुढच्या रविवारी पहाटे या म्हणाले.

आता दोन अडचणी. एक म्हणजे इंजिन स्टँडवर मस्त चालू होत होतं, गाडीत बसवल्यावर क्रँक होतं पण पकडतच नाही, मध्येच एकदा पकडलं आणि लगेच बंद. स्टॉक ईसीयूच (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आहे. दुसरं, नॉइज टेस्ट कितीवर घेतात आणि आमचा मफलर पास होईल का हे घरी कसं बघायचं?

रेस्ट्रिक्टर_२०

रोल ओव्हर सेन्सर बघ आधी. बाइक पडली की इंजिन बंद करायला तो असतो, तुम्ही वायरिंग करताना कुठेतरी आडवा झिप टायने बांधला असणार, ईसीयूला वाटतंय बाइक पडलीय. सरळ उभा, बाइकवर जसा होता तसा बसव. त्याच्यासोबत साइड स्टँडचा स्विच आणि क्लच स्विच, त्या वायरी कापून नुसत्या सोडल्या असतील तरी हेच नखरे करतं. एवढं करून नाही झालं तर फ्युएल पंपाचं अर्थिंग बघ, फ्रेमला पेंट असतो त्याच्यावरच लग लावतात लोक.

नॉइज : एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशात मीटर धरतात. आयडलला (रेस न देता) १०३ आणि वर ११० डीबी, सी वेटिंग (मीटरची एक सेटिंग). आरपीएम पिस्टनच्या स्पीडवरून काढतात, तुझा स्ट्रोक ६० मिमी म्हणजे साधारण ७५०० पर्यंत. मोबाईलच्या अ‍ॅपवर जाऊ नको, बरीच अ‍ॅप ए वेटिंग दाखवतात, सी ला आकडा जास्त येतो. कॉलेजच्या लॅबमध्ये साउंड मीटर असेलच, सी वर टाकून घे. सिंगल सिलिंडर बडबड्या असतो, ग्लासवूल जरा जास्तीची घेऊन जा, पॅकिंग तिथे बदलता येतं.

पिटलेन_ताई

अजून एक, कारण हे कुणीच बोललं नाही. एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याचा इव्हेंट) २२ किमीची, मध्ये ड्रायव्हर बदलतो, तीन मिनिटं मिळतात आणि तेव्हा इंजिन बंद करावं लागतं. सगळ्यात जास्त पॉइंट याच इव्हेंटला. अकरा किमी तापलेलं सिंगल सिलिंडर बंद केलं की सगळी उष्णता तिथेच मुरते, फॅनने बॅटरी आधीच खाल्लेली असते, आणि मग स्टार्टर नुसता टक टक करतो. ट्रॅकच्या कडेला अख्खी टीम जाळीला लटकून बघत असते आणि गाडी चालूच होत नाही, हे दृश्य दरवर्षी दिसतं तिथे.

म्हणून कार्टच्या ट्रॅकवर गेलात की नुसत्या लॅप मारू नका. गाडी चांगली तापेपर्यंत चालवा, बंद करा, घड्याळ लावून ड्रायव्हर बदला, परत चालू करा. उंच ड्रायव्हर उतरून बुटका बसला तर पॅडलला पाय पोचतो का तेही तेव्हाच कळेल, सीटला फोमचा तुकडा लागेल, तो पण नियमात बसेल असा घट्ट लागला पाहिजे. प्रत्येक रनच्या नंतर एक्झॉस्टचे बोल्ट आणि वायरिंगचे कनेक्टर हाताने हलवून बघा, या इंजिनाच्या व्हायब्रेशनने सगळ्यात आधी तेच सुटतात.

आणि बॅटरी जरा मोठी टाका. अर्धा किलो वाढला तर वाढला.

गॅरेजवाले_काका

टेम्पो आजच बुक करा, पोंगलच्या सुमारास तिकडं भाडं कसं वाढतं ते बघा. वाटेत गाडी मोकळी ठेवू नका, चारही चाकं पट्ट्यांनी खाली ओढून बांधा, नुसत्या लाकडी ठोकळ्यांवर नेऊ नका. रविवारी कोल्हापूरला चाललीच तर व्हिडिओ टाका इथं.

नटबोल्ट_सांगली

काका टाकतो नक्की. रोल ओव्हर सेन्सर खरंच आडवा होता, सीटच्या मागे. सरळ केला, पहिल्या सेल्फला चालू. विंगवाल्या पार्टीने पण टाळ्या वाजवल्या. लॅबच्या मीटरवर आयडलला १०१ आला, वरचा आकडा उद्या घेतो कारण हॉस्टेलच्या रेक्टरनी खिडकीतून हाक मारली.